१०० चा प्लॅन आणि ३८ चा आकडा: घरच्या इंटरनेटचा वेग नीट कसा मोजायचा

रात्री साडेनऊला सिनेमा अडकतो. सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट होते, आकडा येतो ३८. प्लॅन १०० चा. स्क्रीनशॉट केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर जातो आणि तिकडून उत्तर येतं, "दादा, आमच्याकडनं फुल्ल यायलंय, तुमचं वायफाय बघा." वाद इथंच थांबतो, कारण पुरावा दोघांकडेही नसतो. त्या ३८ मध्ये मोबाइलचा अँटेना, मधली भिंत, आतल्या खोलीतला टीव्ही, शेजारपाजारची वायफाय, तुमचा राउटर, दारापर्यंत आलेली फायबर आणि कंपनीची मुंबईकडे जाणारी लाइन एवढं सगळं मिसळलेलं असतं. नेमकं कोण कमी पडलं, ते तो आकडा सांगत नाही.

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध घेणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको. माल तपासायचा तो हातात येतो तिथं, चार भांडी फिरून आल्यावर नाही. इंटरनेट तुमच्या हातात येतं ते भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात. म्हणून पहिली चाचणी तिथं, वायर लावून. वायफायची चाचणी सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटा झाला तर आकडे मिळतील, पण त्यांतून काही ठरणार नाही.

टप्पा १: आधी प्लॅन वाचा

कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बिलावर चार गोष्टी शोधून कागदावर लिहून घ्या: डाउनलोडचा वेग, अपलोडचा वेग, महिन्याची डेटा मर्यादा, आणि ती संपल्यावर मिळणारा वेग.

जाहिरातीत "१०० एमबीपीएसपर्यंत" असं असतं. त्या "पर्यंत"वर कंपनी उभी असते, त्यामुळे रोज चोवीस तास नेमके १०० मिळतील ही अपेक्षा सोडा. पण रोज रात्री ४० मिळावेत असाही त्याचा अर्थ होत नाही.

डेटा मर्यादा बहुतेक जण बघतच नाहीत. "अनलिमिटेड" लिहिलेल्या प्लॅनलाही बारीक अक्षरांत मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, छोट्या प्लॅनमध्ये खूपच कमी असू शकते. ही मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगितलाच पाहिजे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, निर्देश २०१६ पासून आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच वेग पडत असेल तर पहिला संशय इथं घ्या.

आता एकक. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो; एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइल उतरवताना ब्राउझर जो वेग दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ एमबीने उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. ४० चा प्लॅन म्हणजे ५ एमबी, ३०० चा म्हणजे ३७.५ एमबी. "१०० चे पैसे घेतात आणि १२ देतात" ही तक्रार केबलवाल्यांच्या ऑफिसात रोज येत असणार.

> तपासा: वैधता संपायला आली आहे का? मागच्या रिचार्जला प्लॅन बदलला गेला का? घरातल्या दुसऱ्या कोणी परस्पर स्वस्तातला टाकला असेल तर पुढचं काहीच करायची गरज नाही.

टप्पा २: सामान, आणि त्यातला खोडा

लागतं ते थोडंच: लॅनचं पोर्ट (इंटरनेटची वायर लावायची खाच) असलेला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर आणि एक चांगली लॅन केबल. पण सर्वांत जास्त चुका इथंच होतात. म्हणून या टप्प्यावर जरा जास्त थांबू.

केबलवर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असावं. तिच्या आत आठ तारा असतात. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, वेगाला आठही लागतात. चारच जोडलेल्या असतील किंवा एखादी तुटली असेल तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते. इंटरनेट चालू राहतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. जुन्या डब्याबरोबर आलेली, दहा ठिकाणी मुडपलेली पिवळी केबल चाचणीला वापरू नका. नवी दीड-दोन मीटरची केबल कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर घ्या, पण पाकिटावर "गिगाबिट" लिहिलंय ना, ते बघून. स्वस्तातले बरेच ॲडॉप्टर १०० च्या वर जात नाहीत. तो लावायचा यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, जुन्या यूएसबी २ मध्ये नाही. लॅपटॉपच नसेल तर बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनना सी-टाइपचा लॅन ॲडॉप्टर चालतो. फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करून तो लावला की फोन वायरवर येतो.

मग भिंतीवरचा डबा. त्याला कोणी ओएनयू म्हणतं, कोणी ओएनटी, आपल्याकडे सरसकट "राउटर". त्याच्या पाठीमागची सगळी लॅन पोर्ट सारखी असतीलच असं नाही. बऱ्याच स्वस्त डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतं, बहुधा पहिलं, आणि बाकीची १०० ची. २०० चा प्लॅन आणि केबल तिसऱ्या पोर्टात, असं असेल तर जन्मात ९५ च्या वर जाणार नाही.

घरात दोन डबे असतील, म्हणजे कंपनीचा ओएनयू वेगळा आणि तुम्ही विकत घेतलेला राउटर वेगळा, तर आणखी एक जागा तपासायची: राउटरचं इंटरनेट आत येणारं पोर्ट. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या स्वस्त राउटरमध्ये ते १०० चंच असतं. ५० च्या प्लॅनला त्याने काही फरक पडला नाही. प्लॅन २०० चा केल्यावर तोच राउटर खोडा होऊन बसला, आणि शिव्या कंपनी खाते.

केबल लावल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा. खाली "लिंक स्पीड" दिसेल. १०००/१००० असेल तर पुढे जा. १००/१०० असेल तर केबल, पोर्ट आणि ॲडॉप्टर एकेक बदलून बघा.

> सावध: चाचणीत पुन्हा पुन्हा ९३ ते ९५ येत असेल आणि प्लॅन १०० च्या वरचा असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी वायर आणि पोर्ट बघा. १०० च्या जोडणीतून डेटा पोचवण्याच्या हिशोबात जाणारा भाग वजा होऊन प्रत्यक्ष इतकाच वेग मिळतो. प्लॅनच १०० चा असेल तर ९४ म्हणजे पैकीच्या पैकी.

> आणखी एक: ओएनयूला लॅपटॉप थेट लावल्यावर इंटरनेट येतच नसेल तर घाबरू नका. काही जोडण्यांत युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो आणि ओएनयू नुसता पुढे सरकवायचं काम करतो. तो पासवर्ड कंपनीकडून मिळतो. तोवर राउटरच्या लॅन पोर्टावर चाचणी करा आणि तशी नोंद ठेवा.

टप्पा ३: घर शांत करा

चाचणीच्या वेळी लाइनवर दुसरं कोणी नको. टीव्ही, सीसीटीव्हीचा क्लाउडवर जाणारा भाग, मोबाइलमधल्या फोटोंचा बॅकअप, पोराचा गेम, लॅपटॉपचं अपडेट, सगळं वेगातला वाटा खातं. प्रत्येकाच्या मागे लागून बंद करत बसण्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमधून वायफायच पंधरा मिनिटं बंद करा आणि बाकीच्या लॅन केबल काढा. घरात आधी सांगा. नाहीतर शेवटच्या षटकाला इंटरनेट गेलं म्हणून चाचणी बाजूला राहायची आणि भांडण व्हायचं.

लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन बंद करा. चार्जर लावा, कारण बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये जुने लॅपटॉप मोठा वेग पेलत नाहीत. ब्राउझरच्या बाकीच्या टॅब बंद. २०० च्या वरच्या प्लॅनला शक्यतो चाचणीचं ॲप कॉम्प्युटरवर टाकून घ्या; जुन्या मशीनवर ब्राउझरच आधी दमतो.

डबा रीस्टार्ट करायचा का? करायचा, पण पहिली चाचणी झाल्यावर. आधीच रीस्टार्ट केलात आणि वेग आला, तर दुखणं काय होतं ते कधीच कळणार नाही. आधी मोजा, मग बंद करून चालू करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. रीस्टार्टने दर वेळी फरक पडत असेल तर डबा तापतोय किंवा जुना झालाय, आणि ही माहिती तक्रारीत कामाची आहे.

टप्पा ४: कुठल्या सर्व्हरवर मोजताय ते बघा

स्पीड टेस्ट म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपासून कुठल्यातरी एका सर्व्हरपर्यंतचा वेग. तो सर्व्हर कुणाचा आणि कुठं आहे, यावर निकाल फिरतो. ओक्ला कंपनीची स्पीडटेस्ट आपोआप जवळचा, लवकर उत्तर देणारा सर्व्हर निवडते. तो अनेकदा तुमच्याच कंपनीचा असतो, तिच्याच नेटवर्कच्या आत बसवलेला. तिथंपर्यंत जाणारा डेटा कंपनीच्या अंगणातून बाहेरच पडत नाही. आकडा झकास येतो, आणि लाइनमन तोच दाखवून जातो.

खोटं त्यात काही नाही. ती फक्त अर्ध्या वाटेची मोजणी आहे. म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजायचं.

पहिली मोजणी: स्पीडटेस्टवर तुमच्या कंपनीचा सर्व्हर निवडून. तो नसेल तर कोल्हापुरातला किंवा सर्वांत जवळचा. यातून दारापासून कंपनीपर्यंतची वाट कळते.

दुसरी मोजणी: त्याच साइटवर सर्व्हर बदलून मुंबई किंवा पुण्यातला, दुसऱ्याच कंपनीचा. यातून कंपनीची बाहेर जाणारी लाइन कळते.

तिसरी मोजणी: फास्ट डॉट कॉम किंवा क्लाउडफ्लेअरची स्पीड टेस्ट. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सची आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते, त्यामुळे सिनेमा बघताना काय मिळेल याचा अंदाज येतो.

प्रत्येक मोजणी तीनदा करा. सर्वांत मोठा आकडा मिरवायला आणि सर्वांत छोटा भांडायला चांगला असतो. नोंदवायचा तो मधला. तिन्हींमध्ये फारच फरक असेल, म्हणजे ९०, ३५, ७० असं काही, तर तिन्ही लिहून ठेवा. डळमळणारी लाइन हे वेगळं दुखणं आहे.

निकाल वाचायचे असे. तिन्हीकडे चांगला वेग आला तर लाइन ठीक आहे, पुढे वायफाय बघा. तिन्हीकडे कमी आला तर फायबर, डबा किंवा कंपनीच्या सिस्टिममध्ये चुकून लागलेला कमी प्लॅन, यांपैकी काहीतरी. आणि कंपनीच्या सर्व्हरवर ९८, मुंबईत ३०, असं आलं तर तुमच्या घरात काहीही बिघडलेलं नाही. कंपनीने बाहेरून घेतलेली बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, कमी पडतेय. "यूट्यूब मस्त चालतं पण ऑफिसचं काम अडकतं" ही कोडं घालणारी तक्रार बहुतेकदा याच जातीची. यूट्यूबसारख्या सेवांचा लोकप्रिय मजकूर अनेक कंपन्या आपल्याच नेटवर्कमध्ये साठवून ठेवतात, त्यामुळे व्हिडिओला बाहेर जावंच लागत नाही. ऑफिसच्या सर्व्हरला मात्र जावं लागतं.

> सावध: चाचणी फुकट होत नाही. ३०० च्या वेगाने १० सेकंद डाउनलोड म्हणजे सुमारे ३७५ एमबी. डेटा मर्यादा छोटी असेल तर दिवसभर बटण दाबत बसू नका.

*डाउनलोडपलीकडचे आकडे*

पिंग म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर यायला लागलेला वेळ. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्याने अंदाजे ३८० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निव्वळ प्रवासाला ४ मिलिसेकंदही लागत नाहीत. मधल्या उपकरणांचा वेळ धरून मुंबईच्या सर्व्हरला १० ते २० आले तर उत्तम. सातत्याने ६०-७० येत असेल तर डेटा कुठून तरी वळसा घालून जातोय.

त्याहून महत्त्वाचं, डाउनलोड-अपलोड चालू असतानाचं पिंग. स्पीडटेस्ट ते वेगळं दाखवते. रिकाम्या लाइनवर १२ आणि अपलोड चालू असताना ३००, असं असेल तर घरात कोणी फोटो चढवायला लागला की तुमची व्हिडिओ मीटिंग तुटणार. अशा घरात मोठा प्लॅन घेऊन उपयोग थोडा. राउटर बदलून किंवा त्यात अपलोडला मर्यादा घालून जास्त फरक पडतो. घरून काम करणाऱ्यांनी डाउनलोडपेक्षा हा आकडा आधी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टप्पा ५: वेळा बदलून मोजा

एका वेळेची चाचणी म्हणजे एका वेळेचीच. दिवसातून तीन वेळा ठरवा: पहाटे सहा-सातला, दुपारी, आणि रात्री नऊ ते अकरामध्ये. त्यात एक रविवार यायला हवा. आठवडाभर नोंद झाली की चित्र स्पष्ट होतं.

पहाटेचा आकडा फार कामाचा. तेव्हा गल्ली झोपलेली असते. पहाटेही वेग कमी असेल तर दोष तुमच्या लाइनमध्ये किंवा प्लॅनच्या सेटिंगमध्ये. पहाटे ९७ आणि रात्री ४१ असेल तर कारण गर्दी.

गर्दीचं गणित थोडक्यात: घरोघरी जाणारी फायबर बहुधा जीपॉन पद्धतीची असते. एका मुख्य फायबरवर डाउनलोडला सुमारे २.५ गिगाबिट क्षमता असते आणि खांबावरच्या स्प्लिटरमधून ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण खेचलं तर वाट्याला ७८ च्या आसपास, ६४ घरांत ३९. एरवी सगळे एकाच क्षणी खेचत नाहीत म्हणून १०० चे प्लॅन सुखाने चालतात. आयपीएलच्या रात्री राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत काय होत असेल याचा अंदाज करा. म्हणून सामन्याच्या दिवशीचा आकडा नोंदवा, पण तेवढ्या एकाच आकड्यावर तक्रार करू नका.

पावसाळ्यातली एक नोंद वेगळी ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही आणि खांबांवरून लटकत आलेल्या फायबरचे जोड भिजतात. दर मोठ्या पावसात वेग पडतो आणि उघडीप मिळाली की येतो, असं दिसलं तर कुठंतरी जोडाच्या डबीत पाणी शिरतंय. लाइनमनला हे सांगितलं तर तो नेमकं तिथं बघेल.

नोंद अशी ठेवावी, वहीत किंवा मोबाइलमध्ये:

*मंगळवार, रात्री ९.४०. वायर, पोर्ट १. सर्व्हर मुंबई, दुसरी कंपनी. डाउनलोड ४१, ३८, ४४. अपलोड ३६. पिंग १८. पाऊस नाही. घरात बाकी सगळं बंद.*

प्रत्येक चाचणीचा स्क्रीनशॉट हवाच, पण त्यात सर्व्हरचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. नुसत्या गोल काट्याच्या फोटोला कोणी विचारत नाही.

टप्पा ६: डब्यावरचे दिवे आणि प्रकाशाची ताकद

तिन्ही सर्व्हरवर आणि पहाटेही वेग कमी असेल तरच इथं या. नाहीतर हा टप्पा सोडा.

पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाश पोचतच नाही; तेव्हा वेग मोजायचा प्रश्नच येत नाही, सरळ फोन करा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉन नावाखाली येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. हा आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ ही घरातल्या नेहमीच्या जीपॉन डब्यांची सीमा. तिच्याजवळ गेलात की लाइन तुटत-जुळत राहते. हा आकडा लिहून लाइनमनला सांगा. मग तो "राउटरचा प्रॉब्लेम" म्हणायच्या आधी स्वतःचा मीटर काढतो.

घरातल्या घरात एवढंच बघायचं: फायबर दाराच्या चौकटीत चेपलीय का, खिळ्याला करकचून वळवलीय का, कपाटामागे दाबलीय का. काचेची तार आहे ती, तीव्र वळणावर प्रकाश गळतो. हळूच मोकळी करून मोठा वळसा द्या.

> सावध: फायबरचं टोक डब्यातून काढू नका, शर्टाने पुसू नका आणि डोळ्यासमोर तर अजिबात धरू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

टप्पा ७: आता वायफाय

वायरवर वेग मिळतोय हे ठरल्यावरच हा टप्पा. राउटरपासून दोन मीटरवर, समोर, मध्ये भिंत नसताना मोबाइलवर चाचणी करा. मग प्रत्येक खोलीत. सर्व्हर तोच ठेवा.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब जाते पण हळू असते आणि तिथं गर्दी फार. एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये या पट्टीवर १०० च्या प्लॅनमधून ४०-५० मिळाले तरी नवल नाही. सुरुवातीचा तो ३८ बहुधा इथलाच. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण भिंतीला घाबरते. दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असेल तर फोन कुठल्या पट्टीवर आहे ते कळत नाही. चाचणीपुरती नावं वेगळी करा. आणि ५ ची पट्टीच नसलेले ओएनयू अजूनही घरोघरी आहेत, हेही बघून घ्या.

शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या. तिथं ५ ची पट्टी एका भिंतीतच दम टाकते. नव्या इमारतीत स्लॅबच्या लोखंडाने वरच्या मजल्यावर वेग पडतो. अशा घरात जोरदार अँटेनाचा महाग राउटर घेण्यापेक्षा लॅनची केबल वरच्या खोलीपर्यंत ओढून तिथं दुसरा साधा राउटर बसवणं स्वस्त पडतं आणि टिकतंही. राउटर शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवला असेल तर आधी तो तिथून हलवा. यासाठी पैसे पडत नाहीत.

वायरवर ९६, राउटरजवळ ९०, आतल्या खोलीत २०, असा निकाल आला तर तक्रार करू नका. कंपनीने सांगितलेला वेग तिच्या डब्यापर्यंतचा. आतल्या खोलीची जबाबदारी घरमालकाची.

टप्पा ८: तक्रार, आकड्यांसह

कितीला कमी म्हणायचं? वायरवरचा मधला आकडा प्लॅनच्या ९० टक्क्यांवर असेल तर गप्प बसा. ट्रायच्या २००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत कंपनीच्या नोडपासून (केंद्रापासून) ग्राहकापर्यंत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळावा असं मानक होतं. २०२४ मध्ये गुणवत्तेचे नियम नव्याने आले, तरी घरगुती हिशोबाला ८० टक्के ही रेषा मला अजूनही रास्त वाटते. आणि सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं की "ब्रॉडबँड" झालं. तेव्हा "ब्रॉडबँडच नाही हे" असा वाद घालून फार काही हाती लागणार नाही. बोट ठेवायचं ते तुमच्या प्लॅनवर.

केबलवाल्या भाऊंना व्हॉट्सॲप करा जरूर, गल्लीत काम तेच करतात. पण तेवढ्यावर थांबू नका. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या ॲपवर किंवा ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. क्रमांक नाही तर तक्रार झालीच नाही, असं समजा. मजकूर साधा ठेवा:

*माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. मागच्या सात दिवसांत लॅन केबलवर, घरातली बाकी उपकरणं बंद ठेवून चाचण्या केल्या. पहाटे ९६ मिळतो. रात्री ९ ते ११ मध्ये तुमच्या सर्व्हरवर ९४, पण मुंबईच्या सर्व्हरवर ३८ ते ४४ मिळतो. लिंक स्पीड १०००, प्रकाशाची ताकद उणे २१. स्क्रीनशॉट जोडले आहेत. रात्रीच्या वेळेतील बाहेरच्या बँडविड्थची तपासणी करावी.*

असा मजकूर गेला की "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर द्यायला जागा राहत नाही.

उत्तर पटलं नाही तर मोठ्या कंपन्यांकडे अपील अधिकारी असतो. ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही, आणि ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ट्रायकडे थेट वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नाही, त्या तिथं सोडवल्या जात नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉम कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. खरं सांगायचं तर महिना पाचशे-सातशेच्या प्लॅनसाठी आयोगापर्यंत जाण्यापेक्षा, कंपनी ऐकतच नसेल तर बदललेली बरी. फक्त नवी जोडणी घेण्याआधी त्याच गल्लीतल्या तिच्या एखाद्या ग्राहकाकडे रात्री दहाला, वायरवर, मुंबईच्या सर्व्हरची एक चाचणी करून बघा. आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका, स्वस्तात पडत असले तरी. पहिला महिना, जमल्यास पहिला पावसाळा, जाऊ दे.

लाइनमन येऊन काम करून गेला की तो ओटीपी मागतो, तक्रार बंद करायला. दिवसा अकरा वाजता सगळ्यांचंच इंटरनेट पळतं. त्याला चहा पाजा, ओटीपी रात्री देतो म्हणून सांगा. मग त्याच केबलवर, त्याच पोर्टात, त्याच सर्व्हरवर साडेनऊला पुन्हा तीनदा मोजा आणि मगच द्या.